'तारण साधून घ्या' म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं?

काउंटर नंबर तीन · रविवार, रात्री 10:50

जय ख्रिस्त. इथे मी बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात, पेठेतल्या एका पतसंस्थेत 19 वर्षं नोकरी करते. त्यातली शेवटची 11 वर्षं सोने तारण विभागात. दिवसभर तोंडात एकच शब्द असतो. तारण पावती, तारण रजिस्टर, तारण सुटलं का, तारण लिलावात गेलं का. आणि रविवारी चर्चमध्ये पुन्हा तोच शब्द. लहानपणी नगरला आजी म्हणायची, 'प्रभूने आपलं तारण केलं', म्हणजे उद्धार केला, तेव्हा तो शब्द फक्त देवाचा होता. आता गाण्यात 'तारण' आलं की मला प्लॅस्टिकच्या पिशवीतला दागिना दिसतो, त्यावर सील आणि नंबर.

आज पाळकसाहेबांनी बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं 12 वं वचन घेतलं. 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या.' संदेश चांगला झाला. शेवटी म्हणाले, रोज वचन वाचा, प्रार्थना करा, उपासना चुकवू नका, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्या. हे मी करते. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण पहाटे सव्वापाचला उठून, गॅसवर चहा ठेवून तो उकळेपर्यंत स्तोत्र वाचायची सवय मला लग्नाआधीपासून आहे. महिला मंडळाची घरप्रार्थना चुकवत नाही. मात्र मला जी गोष्ट टोचते आहे, ती या चारांपैकी कशातच बसत नाही.

एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या. मुलीच्या ऑपरेशनसाठी पाटल्या ठेवायच्या होत्या. पाटल्या हातातून निघेनात. त्यांच्या आईच्या होत्या, लग्नात हातात चढल्या त्या कधी उतरल्याच नव्हत्या. मी वॉशरूममधला साबण आणून दिला, तरी जमेना. मग मीच त्यांचा हात बेसिनखाली धरला, साबण लावला आणि हळूहळू काढल्या. मनगटावर दोन पांढरे पट्टे राहिले. पाटल्या आतून झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. आमच्या सराफाने कसोटीवर घासून ॲसिडचा थेंब टाकला, 22 कॅरेट म्हणाला. वजन 22 ग्रॅम. कर्ज 60 हजार, मुदत 12 महिने.

मध्ये दोनदा व्याज भरायला आल्या. दुसऱ्या वेळी बोलता बोलता म्हणाल्या, 'ताई, आता मी पर्वतीवर राहत नाही, लेकीकडे मुंढव्याला गेले.' लेकीचा नंबर दिला. मी तो टेबलावरच्या डायरीत, तारखेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पत्ता बदलायचा तर अर्ज लागतो, पुरावा लागतो. म्हटलं, पुढच्या वेळी करू.

मुदत संपली, त्या आल्या नाहीत. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि 'घर सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. लिलावाची यादी माझ्या टेबलावर आली तेव्हा मार्च तोंडावर होता, थकबाकी खाली आणायची म्हणून वरून रोज विचारणा. यादीत त्यांचं नाव मी वाचलं. डायरी उजव्या हाताच्या खणात होती. मला आठवत होतं की नंबर आहे. मी फोन केला नाही. विसरले नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. एकीला फोन केला तर बाकीच्या चौदा जणांनाही करावा लागेल, त्यातले निम्मे मुदत मागतील, आणि यादी लांबली तर बोलणी मी खाणार, एवढा सगळा विचार मी एका मिनिटात केला आणि सही केली.

जूनमध्ये आजी आल्या. पदराच्या गाठीत पैसे. 'ताई, सोडवायला आले.'

कागदोपत्री सगळं चोख आहे. नोटीस गेली, जाहिरात आली, लिलाव झाला, कर्ज वजा करून उरलेली रक्कम त्यांच्या बचत खात्यात जमा झाली. त्या भांडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि डावं मनगट उजव्या हाताने चोळत राहिल्या. जाताना मलाच म्हणाल्या, 'तुम्ही तरी काय करणार.'

मी 1996 साली, शिबिरात, सगळ्यांसमोर उभं राहून प्रभूचा स्वीकार केला. माझं तारण झालं आहे यावर माझा विश्वास आहे, आजही. मग त्या एका मिनिटात ते कुठे होतं? रोजचं तारण जगणं म्हणजे पहाटेचं स्तोत्र, की तो खण उघडणं? आणि खण उघडायची वेळ निघून गेली असेल तर काय? कृपा करून 'प्रार्थना करा' एवढंच उत्तर देऊ नका. प्रार्थना करते आहे.

तरुण संघ, खडकी · रविवार, रात्री 11:25

ताई, मनापासून लिहिलंत, वाचून गलबलून आलं. पण सैतान अशाच जुन्या गोष्टी काढून आपल्याला दोष देतो. रोमकरांस पत्र 8:1 वाचा. ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. तुमचं तारण कृपेने झालं, कर्मांनी नाही, त्यामुळे एका चुकीने ते जात नाही. प्रभूच्या चरणी ठेवा आणि मोकळ्या व्हा.

काउंटर नंबर तीन · सोमवार, सकाळी 6:05

भाऊ, धन्यवाद. ते वचन मला तोंडपाठ आहे आणि त्यावर माझा भरवसा आहे. शिक्षा होईल म्हणून मी घाबरलेले नाही. उलट शिक्षा होणार नाही हे माहीत आहे, म्हणून तर हे सगळं उघडून बघायचं बळ आलं. पण मी मोकळी झाले तरी आजींचं मनगट मोकळंच राहणार ना? मला त्याबद्दल विचारायचं आहे.

भोसरीकर · सोमवार, सकाळी 9:40

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. निर्गम 22:25 मध्ये देवाने गरिबाकडून व्याज घेऊ नका असं सांगितलं आहे. विश्वासणाऱ्याने अशा नोकरीत राहूच नये. दोन धन्यांची चाकरी होत नाही. राजीनामा द्या, देव दुसरी सोय करील. माझ्या बाबतीत केली.

केडगावची लेक · सोमवार, दुपारी 2:15

भोसरीकर भाऊ, तुम्ही 25 वं वचन वाचलंत, 26 वंही वाचा. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याला रात्री अंगावर घ्यायला तेवढंच आहे. म्हणजे गहाण ठेवणं-घेणं चालणार हे देवाने गृहीत धरलं आणि त्यात माणूस कसा जपायचा ते सांगितलं. अनुवाद या पुस्तकाचा 24 वा अध्याय तर या ताईंच्या टेबलावर काचेखाली ठेवावा असा आहे. जातं गहाण घेऊ नको, ते घेणं म्हणजे त्याचं पोट गहाण घेणं. गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, त्याला स्वतः आणून देऊ दे. विधवेचं वस्त्र गहाण घेऊ नको. बाहेर उभं राहण्याचा नियम वाचला की दर वेळी मला भरून येतं. कर्जदाराचीही उंबरठ्याआत काही अब्रू आहे, हे देवाला ठाऊक आहे. ताईंनी नोकरी सोडली तर त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल, ज्याला त्या डायरीतल्या नंबराचं काही वाटणार नाही. त्या पोटापाण्याला लागल्या आहेत, त्यांना राजीनामा द्या म्हणणं सोपं आहे.

आता ताई, तुमच्यासाठी. माझी पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला आलेली पोर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की त्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! आणि या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसलेल्या नव्हत्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते मुंबईहून पुण्याला आणलं. मग 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या.

आमच्या घरात पणजीची म्हणून जी गोष्ट सांगतात, ती चमत्काराची नाही. ती छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, साध्या बाईला वाचून कळावं म्हणून. त्या कामासाठी बायकाच खिळे जुळवत. शिशाची उलटी अक्षरं, एकेक उचलून ओळीत लावायची. चुकलं तर अख्खी ओळ सोडायची आणि परत लावायची. पणजी म्हणायची, 'चुकीचं अक्षर लागलं म्हणून रमाबाई कधी हाकलून देत नसत, पण तसंच छापूही देत नसत.' तुमचा प्रश्न वाचला आणि तिचं हे वाक्य आठवलं. ओळ सोडा ताई, परत लावा. त्या आजींकडे जा.

वसईकर, सध्या पुण्यात · सोमवार, संध्याकाळी 7:30

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे पापनिवेदन असतं. एकदा कामावरच्या माणसाचं मी नुकसान केलं होतं, ते सांगितलं. फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारण्याआधी विचारलं, 'त्याला परत काय दिलंस?' मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्यावर उपकार केले. जकातदार जक्कयाची गोष्ट बघा. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला. मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धं गरिबांना देतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. आणि मग प्रभू म्हणाला, 'आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.' हा क्रम सोडू नका. पैसे देऊन त्याने प्रभूला बोलावलं नाही. प्रभू आला म्हणून त्याची पेटी उघडली.

निवृत्त शिपाई · सोमवार, रात्री 9:10

मी तुरुंग खात्यात 31 वर्षं होतो. निवृत्तीनंतर पत्रद्वारे पवित्र शास्त्राचा कोर्स केला, तेवढंच माझं शिक्षण. पण हे वचन माझं आहे असं मला वाटतं, कारण ते फिलिप्पै गावाला लिहिलेलं आहे.

हे गाव मासेदोनियात. फिलिप राजाने इ.स.पू. 356 मध्ये आपलं नाव दिलं, जवळच्या सोन्याच्या खाणींसाठी. ताई, म्हणजे तुमच्याच मालाचं गाव. पुढे इ.स.पू. 42 मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि रोमी लोकांनी निवृत्त शिपायांना तिथे जमिनी देऊन वसवलं. म्हणजे माझंही गाव. अशा ठिकाणी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून बंदिशाळेत टाकलं. बंदिशाळेच्या नायकाने त्यांना आतल्या कोठडीत नेलं आणि पाय खोड्यात अडकवले. त्याने छड्या मारल्या नव्हत्या. त्याला हुकूम होता, नीट सांभाळ. त्याने सही केली, असं समजा.

रात्री भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं वाटून तो तलवार काढून जीव द्यायला निघाला. पौल ओरडला, आम्ही सगळे इथेच आहोत. मग त्याने विचारलं, तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर मिळालं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. एवढंच. करायला काही सांगितलं नाही. पण त्याने पुढे काय केलं ते प्रेषितांची कृत्ये 16:33 मध्ये बघा. रात्रीच्या त्याच घटकेला त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. बाप्तिस्मा नंतर, जखमा आधी.

मी या नोकरीत होतो म्हणून सांगतो. त्या जखमा संध्याकाळपासून तिथे होत्या. खोड्यात पाय घालताना त्याला रक्त दिसलं असणारच. दिसूनही न दिसल्यासारखं करायची आम्हाला सवय होते. नाही झाली तर नोकरी होत नाही. एका कैद्याच्या आईचं पत्र माझ्याकडे तीन आठवडे पडून होतं, कारण माझी ड्युटी बदलली होती आणि दुसऱ्याकडे द्यायचा कंटाळा. पत्र दिलं तेव्हा ती गेली होती. हे मी 22 वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो.

तर तारण झाल्यावर त्या नायकाला पहिली गोष्ट झाली ती ही, की जे संध्याकाळी दिसलं नव्हतं ते मध्यरात्री दिसलं. आणि त्याने पाणी आणलं. माफी मागितली असं कुठे लिहिलेलं नाही, मागितली असेल. मग जेवायला वाढलं. काही वर्षांनी पौलाने त्याच मंडळीला 'तारण साधून घ्या' लिहिलं, तेव्हा तो माणूस मागच्या बाकावर बसून ऐकत असेल असं मला नेहमी वाटतं.

अजून एक. आपल्या मराठीत 'घ्या' हे एका मोठ्या माणसालाही म्हणतात आणि दहा जणांनाही. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. पौल एकट्या बाईला सांगत नाही की तू आणि तुझा खण काय ते बघा. सगळ्या मंडळीला सांगतो. आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही साधून देणारा देव आहे. तुम्हाला रविवारी रात्री पावणेअकराला हे लिहावंसं वाटलं, ती इच्छा कुठून आली असं वाटतं तुम्हाला?

काउंटर नंबर तीन · शनिवार, रात्री 10:20

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. काल डायरी उघडली. नंबर लावला. लेकीने उचलला, मी कोण ते सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहिली.

आज अर्धा दिवस होता. ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून मुंढव्याला गेले. वाटेत काय घ्यावं कळेना. सोन्याच्या दुकानापुढे उभी राहिले आणि पुढे गेले, दुसऱ्या पाटल्या नेऊन देणं हे मला माझी सुटका विकत घेण्यासारखं वाटलं. केळी घेतली.

आजी घरी होत्या. मी दारातच उभी राहिले. केडगावच्या ताईंनी लिहिलं होतं ते आठवलं, त्यांनी आत ये म्हटल्यावरच आत गेले. जे इथे लिहिलं तेच सांगितलं. नंबर माझ्याकडे होता, मला आठवत होतं, मी फोन केला नाही. त्या ऐकत होत्या. लेक म्हणाली, 'मग आता कशाला आलात?' बरोबर विचारलं तिने. आजींनी तिला चहा टाकायला सांगितलं. क्षमा केली वगैरे काही त्या बोलल्या नाहीत आणि मीही मागून घेतली नाही, मागितली आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, 'आईचं काही राहिलं नाही आता. पाटल्या होत्या तोवर होतं.' याला माझ्याकडे उत्तर नाही. अजूनही नाही.

पाटल्यांचं मी आणखी विचारून बघितलं होतं. लिलावात घेणाऱ्याने वितळवल्या. ते दार बंद झालं.

ऑफिसमधलं सांगते. पुढची यादी गुरुवारी आली, नऊ नावं. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, सही करण्याआधी मी प्रत्येकाला फोन करणार, नंबर लागला नाही तर अर्जावरच्या जामीनदाराला करणार, दोन दिवस लागतील. ते नाराज झाले. नऊपैकी सहा जणांशी बोलणं झालं. चौघं व्याज भरून मुदत वाढवून घेणार आहेत. पहाटे स्तोत्र वाचताना आता शेजारी यादी ठेवते आणि एकेक नाव घेते. प्रार्थना आणि काम वेगळं राहिलेलं नाही, एवढा फरक पडला आहे. भीती मात्र वाटते. 'भीत व कापत' मधली ती हीच असावी, मार्च पुन्हा येईल आणि मी पुन्हा त्या एका मिनिटात सापडेन याची.

आता कामाचं विचारते. निघताना आजींनी एक कागद दाखवला. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचा अर्ज, कुणीतरी आणून दिलेला, वर्षभर तसाच पडून आहे. खानावळीतलं काम आता होत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून काढावा लागेल, तो मी बघते. पण वयाचा पुरावा काही नाही. शाळेत गेल्या नाहीत, जन्माची नोंद नाही. 65 च्या पुढच्या आहेत हे कसं दाखवायचं? कुणाला माहीत असेल तर सांगा. बुधवारी मी रजा टाकली आहे.

निवृत्त शिपाई · शनिवार, रात्री 10:45

मतदार यादीतला वयाचा उतारा चालतो. यादीत नाव नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. आईच्या वेळी मी हे सगळं केलं आहे. रेशनकार्ड, आधार, दोन फोटो, झेरॉक्स जास्तीच्या ठेवा.

रांग मोठी असते, आजींना उभं राहवणार नाही. तुम्ही त्यांना घेऊन या. मी सकाळी साडेआठला जाऊन नंबर लावून ठेवतो.